हात गुंतले की तोंड मोकळं

माझ्या फोनमध्ये गाण्याच्या ओळींपेक्षा कुकरच्या शिट्ट्याच जास्त रेकॉर्ड झाल्या आहेत. मी काहीतरी गुणगुणत असतो, मग धाकटा लांबून ओरडतो, "पप्पा, झाली!", मग नळाचा आवाज, मग तीच अर्धी ओळ पुन्हा, आणि नेमकी समेवर शिट्टी. कुणा अनोळखी माणसाने ही रेकॉर्डिंगं ऐकली तर त्याला वाटेल, हा गृहस्थ स्वयंपाकघरात कुणावर तरी पाळत ठेवून आहे. खरं म्हणजे माझी जी काही थोडीफार गाणी आहेत, ती सगळी तिथेच झालेली आहेत.

मी धुळ्यात देवपूरला राहतो. एका पतसंस्थेत हिशेब बघतो. बायको नर्स आहे, तिच्या पाळ्या बदलत्या. दुपारपाळी असली की ती रात्री उशिरा घरी येते. रात्रपाळी असली की मी घरात शिरायला आणि तिने बाहेर पडायला एकच गाठ पडते. दारातच किल्ली, रिक्षाचे सुटे आणि "बाळाला शिंक येतेय, पंखा कमी ठेवा" ही सूचना माझ्या हातात येते. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक, चौथीतल्या मुलीचा अभ्यास, बालवाडीतल्या मुलाची अंघोळ आणि झोप हे खातं बहुतेक दिवस माझ्याकडे. यात मोठेपणा काही नाही. आमच्या आयांनी हे सगळं शेत सांभाळून केलं आणि त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला मात्र शेजारच्या काकू "किती करतात हो हे!" म्हणून कौतुकाने बघतात. तेव्हा संकोच वाटतो, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटतं.

गाणी लिहितो असं कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, वेळ कसा मिळतो? आणि उत्तराची वाट न बघता सल्ला देतात. पहाटे उठ. पाच ते सहा, घर झोपलेलं असतं, डोकं ताजं असतं, टेबलाशी बस. मी बसून पाहिलं. एक तर आमच्या टेबलावर कायम कुठल्या तरी प्रकल्पाचं थर्माकोल वाळत पडलेलं असतं. दुसरं म्हणजे, पहाटे पाच वाजता टेबलाशी बसवलेल्या बापाला झोपेखेरीज कोणताही विषय सुचत नाही. समोर कोरा कागद, हातात पेन, सगळं घर शांत, आणि आत काही हलतच नाही. तोच मी संध्याकाळी दोन भाज्यांच्या मध्ये उभा असलो की ओळ येते. हे असं का होतं, याचा विचार मी बरेच दिवस करतोय. त्याचं उत्तर मला टेबलापाशी मिळणार नव्हतंच. ते गावी होतं.

माझं गाव पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीच्या अंगाचं. तिथे लहानपणी कानावर पडलेली गाणी आठवायला लागलो की एक गोष्ट लक्षात येते. बाप्या माणसांची गाणी वेळ ठरवून असायची. एकादशीचं भजन, जत्रेतला तमाशा, रात्र रात्र चालणारं वहीगायन. त्यासाठी मंडळी बसायची, डफ तापवायची, पान-तंबाखू व्हायचं, मग गाणं. बायकांच्या गाण्याला असली बैठकच नव्हती. गाणं कामात असायचं. कपाशी वेचताना, अंगणात शेण सारवताना, शेवया करताना, लग्नघरात हळद दळताना. मी गाणी शिकलो ती या बायकांच्या आजूबाजूला लुडबुडून. एका ठरावीक वयापर्यंत पोराला तिथे मज्जाव नसतो. मिशी फुटायला लागली की "जाय रे, बाप्यास्मा जाई बस" म्हणून हाकलतात. तेवढ्या वर्षांत जे कानात गेलं, त्यावरच आजवर भागतंय.

आखाजी घ्या. अक्षय तृतीया इतर ठिकाणी सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्याकडे तो दिवाळीच्या तोडीचा सण आहे. पारा 44-45 ला टेकलेला, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, घरात गौराई बसलेली, लिंबाच्या फांदीला झोका. पुरुष ओट्यावर पत्ते कुटत बसलेले. त्या दिवशी पत्त्यांना अख्ख्या गावाची संमती असते. झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या आणि गुडघे मोडून झोका चढवायच्या. झोक्याचं गाणं झोक्याच्याच गतीने चालायचं. पुढे तालुक्याला तबल्याच्या मास्तरांनी दादरा शिकवला तेव्हा मी बोटांवर सहा मात्रा मोजत होतो आणि डोळ्यांपुढे लिंबाची फांदी होती. तीन मात्रांत वर, तीन मात्रांत खाली. मास्तर म्हणाले, "आधी कुठं शिकलास का?" मी "नाही" म्हणालो. आखाजीला आत्याच्या पायाशी फळीवर बसून शिकलो, असं सांगितलं असतं तर वर्गातली पोरं हसली असती.

माझ्या लहानपणी रोजचं पीठ गिरणीतूनच यायचं. जात्याचा काळ डोळ्यांसमोर होता असं मी म्हणणार नाही. पण जातं घरात होतं. डाळ भरडायला लागायचं, लग्नाची हळद त्याच्यावर व्हायची. दोन बायका समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने तीच ओळ परत म्हणायची. मला तेव्हा याचा कंटाळा यायचा. सांगितलं ना एकदा, मग पुन्हा कशाला? आता स्वतः ओळी जुळवायला लागलो तेव्हा ती युक्ती लक्षात आली. दुसरी तीच ओळ घोळवते तेवढ्यात पहिली पुढची तयार करते. पुनरावृत्ती म्हणजे तिला मिळालेली सवड. समीक्षक ध्रुवपदाबद्दल, आवर्तनाबद्दल काय काय लिहितात, सगळं खरं असेल. मला मात्र त्यात विचार करायला अर्धा मिनिट उसना घेणारी बाई दिसते.

आमची मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, या गाण्यांचं कोठार होती. ती थकली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, हातात पहिला चांगला फोन आला होता. एका सुट्टीत गावी गेलो, तिला ओसरीवर खुर्चीत बसवलं, फोन समोर धरला आणि म्हणालो, "मोठी माय, म्हन आते." ती बिचारी पदर सावरून बसली. घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. "काय म्हनू? काहीच ध्यानमा येत नही." एक ओळ सुरू केली आणि दुसऱ्या शब्दाला अडली. जिच्याकडून मी शेकडो ओळी ऐकल्या, तिला एक आठवेना. मला वाटलं वय झालं. मग काकूने सहज म्हणून तिच्या पुढ्यात सुपात मूग टाकून दिले, खडे काढायला. तिचे हात चालू झाले. आणि पाचेक मिनिटांत, कुणी न सांगता, ती गायला लागली. आधी पुटपुटत, मग नीट. एक संपलं की दुसरं. सुपाच्या फटक्यावर ओळ पडत होती. मी फोन लांबच ठेवला, हळूच सुरू केला. त्या रेकॉर्डिंगमध्ये मूग सुपावर आपटल्याचा आवाज आहे, चिमण्या आहेत, काकू चहाचं विचारतेय, आणि मध्येच मोठी मायने मलाच सांगितलेलं एक वाक्य आहे: "हात रिकामा व्हयनात की तोंडबी रिकामं व्हई जास रे भाऊ."

हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं. पोरं झाल्यावर ते कामाला आलं.

खान्देशात राहून गाण्यावर लिहायचं म्हणजे बहिणाबाई चौधरींना ओलांडून जाता येत नाही, आणि त्यांचं नाव घेतलं की लेखाचं लगेच शालेय भाषण होतं. म्हणून थोडक्यात. 1880 साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तीन मुलं, शेती, घरचा रगाडा, आणि अक्षरओळख नाही. गाणी झाली ती घरात आणि शेतात, कामं करता करता. त्यांच्या पुष्कळशा ओळी आठ अक्षरांत चोख बसतात, आणि एकही अक्षर त्यांनी कागदावर मोजलेलं नाही. या बाईला "वेळ कसा मिळतो?" असं कुणी विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली गाणी पुस्तकरूपाने आली, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

मला या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची जागा वेगळीच वाटते. मुलगा सोपानदेव शिकलेला निघाला, स्वतः कवी झाला, आणि आईचं गाणं टिपून ठेवावं एवढी त्याला जाण होती. ते नसतं तर? आसोद्यात, यावलला, रावेरला, बोरीकाठी, पांझरेकाठी तशाच दळणाऱ्या हजारो होत्या. सगळ्याच बहिणाबाई नसतील. पण दहा तरी असतील, पाच तरी. त्यांच्या घरी लिहून घेणारं कुणी नव्हतं एवढंच. माझी मोठी माय त्यांतली होती असा माझा दावा नाही. ती गायची त्यातलं तिचं किती आणि तिच्या आजीचं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आमच्या भागाचं हे जुनंच दिसतं, बोलणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा. याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून उतरवून घेणारे साने गुरुजी, आमच्या अमळनेरच्या शाळेतले एकेकाळचे मास्तर. बोलणाऱ्याने बोलायचं, लिहिणाऱ्याने लिहायचं. माझ्या स्वयंपाकघरात साने गुरुजी नाहीत. फोन आहे, तो काहीच गाळत नाही, शिट्ट्यासुद्धा.

आता जात्याविषयी एक स्पष्ट बोलतो, कारण या विषयावर लिहिताना फार लवकर गळा दाटून येतो लोकांचा. जातं म्हणजे पहाटे चारला उठून दगड ओढणं. मोठी मायच्या तळहाताला घट्टे होते, खांदा कायमचा उतरलेला. तिला गिरणी आली तेव्हा वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. तिने माझ्याकडे, या पोराला शिकवून काही उपयोग झाला नाही, अशा नजरेने बघितलं. गिरणी आली ते उत्तमच झालं. गॅस आला, नळ आला, मिक्सर आला, सगळं उत्तम. फक्त एक अदलाबदल त्यात झाली. हातांचं काम गेलं, त्या जागी डोक्याचं काम आलं. पूर्वी बाईचे हात दिवसभर बांधलेले असायचे आणि तोंड मोकळं. आपले हात मोकळे असतात आणि डोकं बांधलेलं. शाळेच्या ग्रुपवर उद्या हिरवा ड्रेस, परवा पालकसभा, गॅसचा नंबर लावायचा, ओटीपी आला का बघायचं. या कामांना ना वजन ना ठेका. त्यावर गाणं म्हणता येत नाही.

म्हणून मी आता कामांची वेगळीच पारख करतो. कुठल्या कामात डोकं रिकामं राहतं? भांडी घासणं सर्वोत्तम. कोमट पाणी, ठरलेल्या हालचाली, समोर भिंत. इस्त्री चांगली, पण मुलीच्या स्कर्टच्या चुण्या आल्या की ओळ तुटते. शेंगा सोलणं, मेथी निवडणं, कांदा नव्हे पण लसूण, सगळं उपयोगी. भरताची वांगी गॅसच्या जाळीवर फिरवत उभं राहणंही चालतं, जरी तुरकाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव त्याला येत नाही हे सगळं खान्देश शपथेवर सांगेल. कपडे वाळत घालणं बरं. गणिताचा अभ्यास घेणं सर्वांत वाईट. हातचा एक घेताना माणसाने दुसरं काहीही घेऊ नये. बायको म्हणते, "आजकाल भांडी घासायला तुम्ही भांडता, काय प्रकार आहे?" तिला खरं कारण माहीत आहे. तरी विचारते.

पण सर्वांत मोठी जागा थोपटण्याची. धाकट्याला झोपताना थोपटून लागतं, तेही पाठीवर, तेही एकाच लयीत. लय मोडली की तो डोळे न उघडता "पप्पा" म्हणतो. खोलीत अंधार. फोन काढता येत नाही, उजेड पडला की संपलं. कागद-पेनाचा प्रश्नच नाही. त्या अंधारात जी ओळ सुचेल ती डोक्यातच धरायची. एक हात थोपटतोय, दुसरा हात त्याच्या मानेखाली अडकलेला, आणि मी मनातल्या मनात ओळ घोळवतोय. बहुतेक वेळा मलाच झोप लागते. सकाळी उठल्यावर जी ओळ डोक्यात शिल्लक असेल ती टिकाऊ. गेली ती गेली. सुरुवातीला या गळतीने जीव जळायचा. आता वाटतं, लोकगीतांची चाळणी हीच असणार. यमक पक्कं हवं, ओळ आखूड हवी, अक्षरं मोजकी हवीत, नाहीतर ती रात्र ओलांडत नाही. कागदावर लिहिताना मी विशेषणांची चैन करायचो. अंधारात विशेषणं आधी गळतात.

असंच एक गाणं गेल्या उन्हाळ्यात झालं, धाब्यावरच्या झोपेवर. आमच्या गावच्या घराला मातीचं धाबं होतं, सपाट छत. उन्हाळ्यात दिवस मावळला की वर पाणी शिंपडायचं, गोधड्या टाकायच्या, आणि शेजारपाजारची धाबी एकमेकांना लागून असल्यामुळे अर्धी गल्ली वर एकत्र झोपायची. लाईट गेलेली असायचीच. या धाब्यावरून त्या धाब्यावर भेंड्या चालायच्या, म्हातारी माणसं ओरडायची, मग एकेक आवाज कमी व्हायचा. हे पोरांना कसं सांगणार? थोपटता थोपटता चार ओळी झाल्या:

धाबावर आथरनं,
आभाय तेच गोधडी,
मोजी मोजी चांदन्यास्ले
झोप उनी थोडी थोडी

दुसऱ्या ओळीत आधी "आभायनी ती गोधडी" होतं. "ती" काहीच करत नव्हती, नुसती अक्षर भरायला उभी होती. ती काढून "तेच" यायला फार रात्री गेल्या. आठ अक्षरांत एक जरी फुकटं बसलं तरी ओरडून सांगतं.

सकाळी डबा भरताना मुलीला म्हणून दाखवलं. तिने पोळीचा घास तसाच धरून ऐकलं. मला दाद हवी होती. ती म्हणाली, "पण डास नव्हते का?" मी म्हटलं होते की. "मग ते गाण्यात का नाहीत?" मी सांगायला लागलो की गाण्यात सगळंच घालायचं नसतं. बोलता बोलता थांबलो, कारण तिचं बरोबर होतं. आठवणीतून मी डास आधीच झटकून टाकले होते. बालपणावर लिहिणाऱ्यांच्या लेखनात कुणालाही कधी डास चावत नाही, घामोळं येत नाही, पोटात जंत होत नाहीत. धाब्यावर आम्ही रात्रभर फटाफट मारायचो स्वतःलाच, धुरासाठी शेणाची गोवरी पेटवलेली असायची, पहाटे डोळे चुरचुरायचे. मग तिच्या सूचनेवरून दुसरं कडवं झालं:

कानजोडे गास डास,
तेन्ही चाल बेसूर शे

पुढच्या दोन ओळी अजून नाहीत. पण धाकट्याला या दोनच आवडतात. त्याला अहिराणी फारशी येत नाही, "कानजोडे" म्हणताना तो स्वतःचा कान धरतो, आणि "बेसूर" ला इतक्या बेसूर आवाजात ओरडतो की चालीचा प्रश्न आपोआप सुटतो. चांदण्यांचं कडवं त्याने एकदाही मागितलेलं नाही.

आजोळच्या वाटेवरही माझ्या काही चाली अडकून आहेत. मामाचं गाव शेंदुर्णीच्या जवळ. पाचोऱ्याला उतरून पीजेत बसायचं, पाचोरा ते जामनेर, 56 किलोमीटरची ती अरुंद रुळांची गाडी. ती इतक्या बेताने चालायची की दारातला माणूस उतरून, आडोसा बघून, परत चढू शकतो, असं मामा सांगायचा. मी कुणाला तसं करताना पाहिलं नाही, पण विश्वास पूर्ण होता. रुळांच्या सांध्यावरून जाताना चाकं जो आवाज करायची, त्यावर आम्ही भावंडं वाट्टेल ते शब्द बसवायचो. मामाचं नाव, मामीच्या डाळीच्या फुनक्या, गार्डाच्या मिशा. शब्द संपले की स्टेशनांची नावं. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. गाडी लय बदलायची तसा शब्द लांबवायचा नाहीतर तोडायचा. चालीवर शब्द बसवण्याची माझी पहिली तालीम तीच असावी. 2020 च्या टाळेबंदीत ती गाडी थांबली ती थांबलीच. तिथे आता मोठ्या रुळांची गाडी करायचं चाललंय. जलद जाईल, सोयीची होईल. पोरांना घेऊन मी तिच्यातूनही जाईन.

आजोळ आणि गाणं म्हटलं की एक छोटी गोष्ट मला फार आवडते. लता मंगेशकरांचं आजोळ आमच्या तापीकाठचं, शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. आजीकडून त्यांनी लहानपणी गरब्याची गाणी ऐकली होती. थाळनेरच्या कुणाही माणसाला भेटा, पहिल्या पाच वाक्यांत हे येतं, आणि का येऊ नये?

बाकी, गाणी संपली, भाषा बुडाली असा सूर मला लावता येत नाही. अहिराणी गाणी आज जितकी वाजतात तितकी माझ्या लहानपणी वाजत नव्हती. लग्नाच्या वरातीत, रिक्षात, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, लाखांनी ऐकली जातात. पोरं छान करतात. त्यातली निम्मी एकाच ठेक्यावर आहेत हे खरं, पण वरातीत माणसाला नाचायचं असतं, चिंतन करायचं नसतं. माझी अडचण एवढीच की ती गाणी ऐकायची आहेत, त्यात शिरायला जागा नाही. कपाशी वेचणारी बाई गाण्यात स्वतःचं नाव घालायची, भावाचं घालायची, सासूवर एक ओळ हळूच सोडायची. स्पीकरमधून येणाऱ्या गाण्याला तशी ओळ जोडता येत नाही, ते आपलं पुढे निघून जातं.

हे आत्ता आठवायचं कारण काकूचा फोन. श्रावण लागलाय. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गावच्या घरी कानबाई, आमची खान्देशची देवी, बसते. नैवेद्याचे रोट होतात, भाऊबंद जमतात, रात्रभर जागरण, आणि सोमवारी फुगड्या घालत नदीवर विसर्जन. गेली काही वर्षं जागरणालासुद्धा डीजे आला होता. बायका एका बाजूला बसून राहायच्या, पोरं नाचायची, बोलायचं तर कानात ओरडावं लागायचं. फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत फेसात, फोन खांद्यात दाबलेला.

"औंदा रातले डीजे बंद," काकू म्हणाली. "आम्ही बायास्नी ठरायं शे. तू एक नवं गानं लिखी दे."

मी म्हटलं, काकू, रविवार चार दिवसांवर आलाय, हिची रात्रपाळी आहे, पोरीची घटक चाचणी आहे, वेळ कुठे?

"तुले कोठे बसीसन लिखनं शे?" ती म्हणाली. काकूला माझी पद्धत पक्की माहीत.

मग तिने अटी सांगितल्या. चाल जुनीच हवी, नवी कोन शिकी? अवघड शब्द नको. ओळ एवढीच हवी की एकीने म्हटली की चाळीस जणींना लगेच झेलता आली पाहिजे. आणि सुनांची नावं घालायला मध्ये जागा सोड. एवढा नेमका आराखडा मला आजवर कुठल्या संगीतकाराने दिलेला नाही. मी तव्याचा खालचा काळा भाग घासत तिथल्या तिथे म्हणून दाखवलं,

उनी उनी कानबाई
श्रावनना ऐतवारे

"हाई चाले," काकू म्हणाली. "फुडे?"

पुढे काही नव्हतं. नुसतं यमक डोक्यात घुमत होतं, म्हणून गमतीने म्हटलं, "डीजेवाला, घर जा रे."

पलीकडे काकू हसली, मग तिने ते मोठ्याने कुणाला तरी सांगितलं, आणि मागून आणखी तीन-चार बायकांच्या हसण्याचा आवाज आला. म्हणजे फोन स्पीकरवर होता. कुणीतरी ती ओळ चालीत म्हणूनही पाहिली.

"तीच ठेव," काकू म्हणाली. "आनखी एक दे, चार व्हतीस. बाकीन्या आम्ही जोडसूत."